गावाच्या धुराचा हिशेब: कोकणातल्या ग्रामपंचायतीने कार्बन कसा मोजावा आणि कसा कमी करावा

ग्रामपंचायतीच्या कपाटात महावितरणच्या बिलांची एक फाइल असते. पथदिव्यांची बिलं, नळपाणी योजनेच्या पंपाची बिलं, अंगणवाडीची, समाजमंदिराची. बिल आलं की भरायचं, नाहीतर थकवायचं, यापलीकडे ती फाइल कुणी उघडत नाही. आपलं गाव हवेत किती कार्बन सोडतं याचा हिशेब मांडायचा असेल, तर पहिल्यांदा हीच फाइल टेबलावर घ्या.

हवामान बदलला आहे हे कोकणात वेगळं पटवून द्यावं लागत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. आंब्याचा मोहोर कधी येईल हे आता अनुभवी बागायतदारही छातीठोकपणे सांगत नाही. प्रश्न असतो तो एवढाच, की यात आपल्या ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे. बरंच काही आहे. राज्य शासनाचं माझी वसुंधरा अभियान 2 ऑक्टोबर 2020 पासून भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर गावांना आणि शहरांना गुण देतं. मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा आराखडा जाहीर केला. पण त्याच्याही आधी, 2016 पासून, केरळातल्या वायनाडमधली मीनंगाडी ही एक पंचायत या कामाला लागली होती. सह्याद्रीपलीकडे पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. कोकणातल्या गावांमध्ये मात्र या विषयावर पाच जूनला, पर्यावरण दिनी, रोपं लावून फोटो काढण्यापुढे सहसा काही होत नाही. मी वाडीवाड्यांत फिरून हे मोजमाप केलं आहे. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की आधी हिशेब करावा, मग आहे ते जळू देऊ नये, आणि रोपं त्यानंतर लावावीत. पुढच्या पायऱ्याही त्याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी: ठराव आणि पाच माणसं

ग्रामसभेत साधा ठराव घ्या: “गावाच्या हद्दीतील वीज, इंधन, जनावरे, शेती व कचरा यांपासून होणाऱ्या उत्सर्जनाची वार्षिक नोंद ग्रामपंचायत ठेवील.” सूचक, अनुमोदक, तारीख. एवढा कागद हातात असला की महावितरणचं शाखा कार्यालय, गॅस एजन्सी, पशुवैद्यकीय दवाखाना आणि मच्छीमार सोसायटी यांच्याकडे माहिती मागता येते. नुसतं तोंडी विचारलं तर कोणी आकडे देत नाही.

समिती मोठी करू नका. बचत गटातल्या दोघीजणी, शाळेतले एक गुरुजी किंवा बाई, गावचा वायरमन किंवा पाणी सोडणारा कर्मचारी, आणि ग्रामपंचायत अधिकारी. (2024 पासून हे नाव आलं असलं तरी आपण त्यांना अजून ग्रामसेवक भाऊच म्हणतो.) पाणी सोडणाऱ्या माणसाला विसरू नका. पंप किती तास चालतो, कुठल्या वाडीत पाइप फुटलाय, कुठला दिवा दिवसा जळतो हे गावात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

दुसरी पायरी: हद्द ठरवा, वर्ष ठरवा

आर्थिक वर्ष धरा, एप्रिल ते मार्च. बिलं आणि हिशेब त्याच वर्षाप्रमाणे असतात. सरलेलं वर्ष आधारवर्ष माना आणि पुढे ते बदलू नका.

हद्दीचा प्रश्न कोकणात अवघड आहे. महामार्ग क्रमांक 66 वरच्या पेट्रोल पंपाची विक्री गावाच्या नावावर घातली तर मुंबई-गोवा करणाऱ्या प्रत्येक गाडीचा धूर तुमच्या माथी येतो. जयगडला 1200 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. त्याची चिमणी एका गावात असली तरी वीज जाते राज्यभर. म्हणून नियम असा ठेवा: गावातल्या माणसांनी, घरांनी, धंद्यांनी आणि ग्रामपंचायतीने जे जाळलं किंवा वापरलं ते आपलं. मोठा प्रकल्प, महामार्ग आणि दाभोळ-धोपावेसारखी फेरीबोट यांची नोंद वेगळ्या पानावर ठेवा, बेरजेत धरू नका. बंदर असेल तर मासेमारी नौकांचं डिझेलही वेगळ्या पानावर लिहा. सोसायटीच्या पंपाच्या वहीतून त्याचा आकडा अगदी नेमका मिळतो. पण तो इतका मोठा असतो, की त्याच्यात मिसळला तर बाकी गावाचा हिशेब दिसेनासा होतो.

आणखी एक कोकणी अडचण म्हणजे माणसं मोजायची कशी. मतदार यादीने भागाकार करू नका, त्यातले अर्धे चाकरमानी मुंबईला असतात. वर्षभर चूल पेटते ती घरं मोजा. गणपती, शिमगा आणि मे महिना यांत गाव भरतं, तेव्हाचा वापर वाढणारच. तुलना करताना या मे महिन्याची गाठ गेल्या मे महिन्याशी घाला, फेब्रुवारीशी नको.

तिसरी पायरी: आकडे गोळा करणं

विजेसाठी महावितरणकडे ठरावाची प्रत देऊन गावातल्या सगळ्या जोडण्यांचे वर्षाचे एकूण युनिट वर्गवारीने मागा: घरगुती, व्यापारी, शेतीपंप, पथदिवे, पाणीपुरवठा. कुणाच्या घराचं बिल नको, फक्त बेरीज हवी, हे अर्जात स्पष्ट लिहा. गॅस एजन्सीकडून गावात वर्षभरात दिलेली सिलिंडरं. जनावरांचे आकडे पशुगणनेतून. भाताचं क्षेत्र ई-पीक पाहणीतून. गाड्यांसाठी प्रत्येक वाडीतली वीसेक घरं निवडून महिन्याला पेट्रोल किती भरता ते विचारा. लोक रुपयात सांगतात, भाव माहीत असला की लिटर काढता येतात. उन्हाळ्यात टँकर लागत असेल तर त्याच्या फेऱ्या आणि डिझेलही लिहा.

लाकडाचा आकडा कुठल्याच कागदावर नसतो. तो घरात जाऊनच मिळतो. आम्ही एका वाडीत सकाळी ताणकाटा घेऊन गेलो. पडवीत रचलेल्या लाकडांतून उद्यापर्यंत पुरेल एवढी मोळी आजीने काढून दिली, ती आम्ही काट्याला लावली. आजी बघत राहिल्या नि म्हणाल्या, “लाकडां कित्याक जोखतंस रे झिला?” दुसऱ्या दिवशी उरलेली जोखली. अकरा किलो जळली होती. मग आजींनाच विचारलं, स्वयंपाकाला गॅस आहे, मग हे लाकूड गेलं कुठे? त्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. न्हाणीत तांब्याचा हंडा चढवलेला, खाली चूल. सोडणं, करवंट्या, झावळ्या, वर दोन फणसाची ओंडकी. भाकरीला जेमतेम तीन किलो लागली होती, बाकी सगळी आंघोळीच्या पाण्याला. त्या वाडीतल्या दहा घरांत थोड्याफार फरकाने हेच निघालं. हे कळल्यावर आमचा बेत बदलला. सुधारित चुली वाटायच्या त्या स्वयंपाकघरात द्यायचं ठरत होतं, त्या न्हाणीत द्यायला हव्या होत्या. तुमच्या गावात वेगळं निघेल, पण जोखल्याशिवाय ते कळणार नाही. दोन वेळा जोखा, एकदा थंडीत आणि एकदा पावसात.

चौथी पायरी: गुणाकार

इथे घाबरण्यासारखं काही नाही, सातवीतला मुलगा करील. ढोबळ हिशेबाला हे गुणक पुरतात:

- वीज: एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, कारण देशाच्या ग्रीडमधली बहुतेक वीज अजून कोळशाची आहे
- पेट्रोल: लिटरला 2.3 किलो
- डिझेल: लिटरला 2.7 किलो
- 14.2 किलोचं गॅस सिलिंडर: सुमारे 42 किलो
- गावठी जनावर: वर्षाला 25 ते 30 किलो मिथेन, शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो

लाकडाचं झाड पुन्हा वाढत असेल तर त्याचा कार्बन डायऑक्साइड बेरजेत धरत नाहीत. मात्र चुलीच्या धुरातून मिथेन आणि काजळी जाते, आणि ती चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीतही जाते. म्हणून लाकडाचे किलो वेगळ्या रकान्यात ठेवाच.

एक नमुना करून बघू. समजा गावात वर्षभर राहती 300 घरं आहेत. दर घरी महिन्याला 75 युनिट वीज, म्हणजे वर्षाला 2,70,000 युनिट, म्हणजे 189 टन. दर घरी वर्षाला सहा सिलिंडरं, 1,800 सिलिंडरं, साधारण 76 टन. दोनशे मोटारसायकली, महिन्याला पंधरा लिटर पेट्रोल, 83 टन. अडीचशे जनावरं, प्रत्येकी 28 किलो मिथेन, 196 टन. पाण्याच्या पंपाचे वर्षाला 16,500 युनिट, साडेअकरा टन. जुन्या ट्यूबलाइटच्या ऐंशी पथदिव्यांचे 18,220 युनिट, पावणेतेरा टन. बेरीज 568 टनांच्या आसपास.

यातल्या दोन गोष्टी नीट बघा. गुरांचा आकडा विजेच्या आकड्याइतका आहे. तो बघून कुणी गुरं विकायचा सल्ला देऊ लागला तर त्याला थांबवा. कोकण कपिला ही आपली छोट्या चणीची गाय चरून जगते आणि शेताला खत देते. तिचा आकडा लिहायचा, तिच्या शेणाचा उपयोग वाढवायचा, एवढंच. दुसरी गोष्ट म्हणजे ग्रामपंचायतीचे स्वतःचे दिवे आणि पंप मिळून 24 टन होतात, एकूणाच्या चार टक्क्यांच्या जरा वर. हा वाटा लहान असला तरी काम इथूनच सुरू करा. हे पैसे ग्रामपंचायतीच्या खिशातून जातात आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि ज्या ग्रामपंचायतीचे दिवे भरदुपारी जळतात तिने लोकांना वीज वाचवा सांगितलं तर कोण ऐकेल?

पाचवी पायरी: दिवे आणि पंप

रात्री आठ वाजता वायरमनला मोटारसायकलवर मागे बसवा आणि सगळे खांब मोजा. कुठे ट्यूब, कुठे सोडियम, कुठे एलईडी, कुठे नुसता खांब. मग दुपारी बारा वाजता तीच फेरी पुन्हा मारा. दिवसा जळणारे दिवे तेव्हा सापडतात. चाळीस वॅटची ट्यूब चोकसकट पन्नासच्या वर वॅट खाते, तिथे वीस वॅटचा एलईडी पुरतो. वरच्या नमुन्यातले ऐंशी दिवे बदलले तर 18,220 चे 7,008 युनिट होतात. वर्षाला अकरा हजारांहून जास्त युनिट वाचतात, म्हणजे पावणेआठ टनांहून जास्त कार्बन. वाडीनिहाय टायमर बसवा. फोटोसेलवर, म्हणजे उजेड बघून दिवा चालू-बंद करणाऱ्या डोळ्यावर, आपल्याकडे पावसात शेवाळ धरतं आणि दिवसाही दिवे लागतात, म्हणून मी टायमरच्या बाजूचा आहे. फक्त जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये त्याची वेळ बदलायला कुणीतरी नेमलेला हवा. समुद्राजवळच्या वाड्यांत दिव्याच्या खोक्याला रबरी गॅस्केट आहे का ते घेतानाच बघा. खारा वारा आत शिरला की दिवा दोन पावसाळे काढत नाही. वेळाससारखं कासवांच्या विणीचं गाव असेल तर किनाऱ्याकडे तोंड केलेले दिवे काढूनच टाका किंवा झाका, पिल्लं उजेडाकडे वळतात.

पंपाकडे जास्त लक्ष द्या, तिथली गळती डोळ्यांना दिसत नाही. चाचणी सोपी आहे. टाकी रिकामी करा, मीटरवरचा आकडा लिहा, टाकी भरा, पुन्हा आकडा लिहा. वापरलेले युनिट भागिले टाकीत पडलेलं पाणी हजार लिटरांत. आता विहिरीतल्या पाण्यापासून टाकीपर्यंतची उंची घ्या. चांगल्या पंपाला दर दहा मीटर उंचीला, हजार लिटरमागे सुमारे 0.05 युनिट लागतात. पन्नास मीटर चढ असेल तर पाव युनिट, पाइपच्या घर्षणाचं थोडं वर धरा. तुमचं उत्तर अर्ध्या युनिटाच्या पलीकडे गेलं तर काहीतरी नक्की बिघडलंय: पंप त्या उंचीचा नाही, आतला पंखा झिजलाय, फूटव्हॉल्व्ह गळतोय, किंवा मोटर इतक्यांदा रिवाइंड झालीय की ती आता वीज खाण्याच्याच कामाची उरलीय. एका ठिकाणी गावाने नवी टाकी उंचावर बांधली आणि पंप मात्र जुन्या टाकीचाच ठेवला होता. सहा तास चालायचा तो अकरा तास चालत होता आणि बिल वाढलं म्हणून वर्षभर सगळे महावितरणला बोल लावत होते.

रात्रीची चाचणीही करा. टाकी भरून वाड्यांचे व्हॉल्व्ह बंद करा आणि सकाळी पातळी बघा. उतरली असेल तर टाकी किंवा व्हॉल्व्ह गळतोय. मग एकेका वाडीची लाइन उघडून बघत जा.

यापेक्षा मोठी बचत मात्र डोंगरात आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या कितीतरी वाड्यांत वरच्या झऱ्यातून किंवा व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, नुसत्या उताराने पाणी येतं. अशी जुनी लाइन टाकून देऊन तिच्या जागी पंप बसवला जातो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. जुनी लाइन दुरुस्त करा, झऱ्याच्या डोक्यावरचं रान तोडू देऊ नका, आणि दिवाळीनंतर व्हाळावर पोत्यांचे वनराई बंधारे घाला. विहिरीची पातळी हात-दोन हात वर राहिली की पंपाला तेवढी कमी उंची चढवावी लागते, आणि मे महिन्यातला टँकरही लांबतो.

हे सगळं झाल्यावर सौर. आधी वापर कमी केला तर पॅनेल कमी लागतात. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला साधारण 1,200 ते 1,400 युनिट देतं, पावसाळ्यातले चार महिने हात आखडता. शाळा मे महिन्यात, ऐन उन्हात, बंद असते, म्हणून शाळेवर पॅनेल बसवायची तर नेट मीटर, म्हणजे जादा वीज ग्रीडला देऊन ती बिलातून वजा करणारा मीटर, हवाच. घरांसाठी प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला 30,000 रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्यावर 78,000 रुपये अनुदान आहे. ग्रामपंचायतीने वाडीत बसून वीस घरांचे अर्ज एकदम भरून घेतले तर ठेकेदारही दर खाली आणतो. करारात तीन गोष्टी लिहून घ्या. सांगाडा गरम झिंक दिलेला आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, नाहीतर खाऱ्या हवेत तिसऱ्या वर्षी गंज. वादळी वाऱ्याला टिकणारं बांधकाम, नुसत्या कौलारू छपराला टेकू देऊन चालणार नाही. आणि अर्थिंग: जांभ्याच्या कातळात ते नीट होत नाही, खोल खड्डा आणि वीज उतरवणारा वेगळा रॉड लागतो. माडाची सावली कुठल्या महिन्यात कुठे पडते हे घरमालकालाच विचारा. एका झावळीची सावली अख्ख्या रांगेची वीज खाली आणू शकते.

सहावी पायरी: आग

कोकणातल्या गावाचा सगळ्यात दुर्लक्षित धूर चिमणीतून येत नाही, तो सड्यावरून, म्हणजे गावामागच्या कातळी माळावरून, येतो. फेब्रुवारीत गवत वाळतं आणि मग कधी कोवळं गवत फुटावं म्हणून, कधी शिकारीसाठी, कधी नुसत्या विडीने, कधी लोंबत्या तारांच्या ठिणगीने वणवा लागतो. एका दुपारी पंधरा वर्षांच्या काजूची बाग जाते. गवत पुढच्या पावसात पुन्हा उगवतं, झाड उगवत नाही. त्या बागेत साठलेला कार्बन गेला आणि घरातलं उत्पन्नही गेलं. शंभर रोपं लावण्यापेक्षा एक वणवा थांबवणं मोलाचं आहे, हे मी अनेक ग्रामसभांत सांगितलं आहे आणि इथेही सांगतो.

करायचं असं. डिसेंबरअखेर गावाच्या नकाशावर गेल्या तीन वर्षांत आग कुठून कुठे गेली ते जाणत्या माणसांकडून खुणावून घ्या. आग दरवेळी बहुधा त्याच वाटांनी येते. जानेवारीत, गवत पुरतं वाळण्याआधी, त्या वाटांवर पाच-सहा मीटर रुंदीचे पट्टे कापून साफ करा. वनखात्याची जाळरेषा जवळून जात असेल तर आपला पट्टा तिला जोडून घ्या, वनरक्षकांना त्या दिवशी बोलवा. हे काम बागायतदारांनी वाटून घेतलं तर दोन दिवसांत होतं. कापलेलं गवत जाळू नका, गुरांना घाला किंवा कलमांच्या आळ्यात पसरा. सड्यावर ज्या तारा लोंबतात त्यांचे फोटो आणि खांब क्रमांक महावितरणला जानेवारीतच लेखी कळवा. प्रत्येक वाडीत आग दिसली की कुणाला फोन करायचा ते देवळाच्या भिंतीवर लिहा.

भाजावळीचा, म्हणजे राबाचा विषय नाजूक आहे. पिढ्यान् पिढ्या शेतकरी कवळं, म्हणजे झाडांच्या पाल्याच्या फांद्या, तोडून, पातेरा नि शेण पसरून, तरव्याची, म्हणजे भाताची रोपं करायची, जमीन भाजत आले. त्याने तण मरतं, ते खोटं नाही. त्यामुळे बंदीची भाषा करू नका. एकदोन शेतकऱ्यांकडे शेणखत घालून गादीवाफ्यावर तरवा करून दाखवा आणि शेजारी राबाचा तरवा राहू द्या. लावणीच्या वेळी लोक दोन्ही मुठी हातात घेऊन बघतील आणि स्वतः ठरवतील. एक घर जरी थांबलं तरी किती ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या वाचतात ते त्या माळावर जाऊन बघा.

भाताच्या मळ्यात साचलेल्या पाण्याखालून मिथेन निघतो. कर्जत तालुक्यातल्या नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी पुढे आणलेल्या सगुणा तंत्रात गादीवाफ्यावर भात टोकतात. चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच राहतात. पॉवर टिलरचं डिझेलही वाचतं. मळ्याच्या खोल जमिनीत जमणार नाही, तिथे चारसूत्री पद्धत बघा: पिकाच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या जमिनीत खोचणं. खोचलेलं खत पावसात वाहून जात नाही. याबाबत कृषी सहायकांना किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाला विचारून पुढे जा.

सातवी पायरी: शेण आणि कचरा

बायोगॅस सिंधुदुर्गात रुजलेला आहे. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने घरोघरी केलेलं काम जाऊन बघावं असं आहे. दोन घनमीटरच्या सयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागतं आणि ते नीट चाललं तर महिन्याला दीड-दोन सिलिंडरांचं काम करतं. फसतं कुठे, तर गुरं मोजून शेण धरण्यात. आपली गुरं दिवसभर चरतात, गोठ्यात फक्त रात्रीचं शेण मिळतं. चार गुरांचं शेण म्हणून मोठं सयंत्र बांधलं आणि मग अर्धं उपाशी राहिलं, असं होतं. आठवडाभर रोज सकाळी घमेलं जोखा आणि मग आकार ठरवा. जागा उंच निवडा, पावसाळ्यात भूजल वर आलं की सखल भागातला खड्डा पाण्याने भरतो. वर्षातून एकदा साबणाचं पाणी लावून घुमट नि नळी तपासा. गळणारं सयंत्र मिथेनच सोडतं, म्हणजे केलेलं काम उलटं होतं. स्लरी माडांना आणि पोफळींना द्या.

कचऱ्यात कोकणातल्या घराची फारशी अडचण नसते, ओला कचरा माडाच्या आळ्यात जातो. अडचण असते ती बाजारपेठ, मासळी बाजार, हॉटेलं आणि होमस्टे यांची, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवल्या जाणाऱ्या प्लास्टिकची. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात वेंगुर्ला नगर परिषदेने कचरा कितीतरी प्रकारांत वेगळा करून, पाल्यापाचोळ्याच्या कांड्या करून आणि बायोगॅस चालवून आपल्या कचरा डेपोची जागा लोकांनी बघायला यावी अशी केली. तिथे एक दिवस समितीला घेऊन जा. पाहून आलेली माणसं जे करतात ते दहा परिपत्रकं वाचून होत नाही.

झाडं: कुठे लावायची नाहीत

सड्याच्या कातळावर खड्डे मारून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावू नका. पावसाळ्यात त्या कातळावर फुलणाऱ्या कित्येक वनस्पती जगात दुसरीकडे नाहीत, आणि कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. कासवांच्या किनाऱ्यावर सुरूची लागवड करू नका. आणि खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भराव पडू देऊ नका: कांदळवनाच्या चिखलात शेकडो वर्षांचा कार्बन गाडलेला असतो, झाडं तोडून माती टाकली की तो सुटतो. 2019 च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत कांदळवनाला सर्वाधिक संरक्षणाचा दर्जा आहे. रात्री डंपर खाली होत असेल तर तलाठ्यांना आणि कांदळवन कक्षाला फोटोसकट लेखी कळवणं ग्रामपंचायतीच्या हातात आहे. वेंगुर्ल्यात स्वामिनी गटाच्या महिला मांडवी खाडीत पर्यटकांना कांदळवन दाखवतात आणि त्यावर कमावतात. झाडं लावायचीच तर देवराईच्या कडेने, झऱ्यांच्या डोक्यावर आणि खचलेल्या व्हाळाच्या काठाने, तिथलीच झाडं लावा.

पैसा आणि फळा

हे सगळं ग्रामपंचायत विकास आराखड्यात “स्वच्छ आणि हरित गाव” या संकल्पनेखाली घाला. आराखड्यात नसलेल्या कामाला पैसा येत नाही. वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामावर खर्च करायचा, हिस्सा असतो; पंधराव्या आयोगात (2025-26 पर्यंत) तो 60 टक्के होता. पंप, गळती, बंधारे, कचरा हे त्यात बसतं. दिवे आणि सौर अबंधित हिश्श्यातून किंवा स्वनिधीतून करा. एलईडी बसवल्यावर बिलात जे वाचतं ते वेगळ्या रकान्यात लिहा आणि पुढच्या वर्षीची जाळरेषा त्यातून करा. माझी वसुंधराचे गुणही याच नोंदींतून भरता येतात, वेगळे कागद तयार करावे लागत नाहीत.

कार्यालयाबाहेर एक फळा लावा. त्यावर पाचच आकडे: पथदिव्यांचे युनिट, पंपाचे युनिट, टँकरच्या फेऱ्या, जळालेलं रान गुंठ्यांत, नवीन बायोगॅस. दर महिन्याच्या पाच तारखेला पाणी सोडणाऱ्यानेच ते लिहावेत. वर्षाची बेरीज 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचा, आकडा वाढला असला तरी वाचा. फळा लावाल त्या दिवशी संध्याकाळी पंपाच्या मीटरवर जो आकडा असेल तो पहिल्या ओळीत लिहून ठेवा, पुढची सगळी वजाबाकी त्यातूनच होणार आहे.